बारा मुले आणि पाच लाख नोंदी

१९९८ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवर आधारलेला एक लेख आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एमएमआर लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असे त्यातून सूचित झाले. पालक धास्तावले, ब्रिटनमधील लसीकरण घटले.

ही शंका तपासायची कशी? लस टोचण्याचे वय आणि स्वमग्नतेची लक्षणे जाणवू लागण्याचे वय जवळजवळ एकच. म्हणजे नुसत्या क्रमावरून कारण ठरत नाही. लस न घेतलेल्या मुलांशी तुलना हवी, आणि तीही लाखांच्या संख्येने.

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक मिळतो. लसीकरणाच्या नोंदी डॉक्टरांना मोबदला देण्यासाठी, तर निदानाच्या नोंदी मनोविकार विभागांतून संगणकात जमा होत. क्रमांकाच्या आधारे त्या जोडून संशोधकांनी १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास केला. त्यांपैकी ४,४०,६५५ मुलांना लस मिळाली होती. त्यांच्यात स्वमग्नतेचा धोका अधिक आढळला नाही. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. ‘लॅन्सेट’ने आपला लेख २०१० साली मागे घेतला.

अशा नोंदी विश्वासावर उभ्या असतात. गुप्तता राहणार नसेल, तर रुग्ण डॉक्टरांना खरे सांगणार नाहीत.

वर्गात कोणी ‘यानंतर ते झाले, म्हणजे यामुळेच झाले’ असे म्हटले, तर आपण एवढेच विचारू या : ज्यांच्या बाबतीत ‘हे’ घडलेच नाही, त्यांचे काय झाले?