सिंधहून आलेले हात

‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट पॉटरी’ या नावाने जी झिलईदार भांडी ओळखली जातात, त्यांच्या घडणीत मुंबईइतकाच सिंधचा वाटा आहे. मी स्वतः सिरॅमिक करते, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. ‘तुमची प्रेरणा कोण?’ असं विचारणारे बहुधा जपानचं किंवा ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीचचं नाव ऐकायच्या तयारीत असतात. मी ही भांडी सांगते. तीही सगळी नाहीत.

1857मध्ये सुरू झालेल्या या शाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी चित्रकला शिकवायचे. 1870च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने तिथे कुंभारकाम सुरू झालं आणि त्यासाठी सिंधहून कुंभार आणले गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. हाला, ठट्टा या गावांत झिलईदार भांडी आणि मशिदींच्या फरशा करणारी घराणी होती. जॉर्ज बर्डवुड यांनी 1880च्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात लिहून ठेवलंय, की टेरींच्या कुंभारांची काही भांडी अस्सल सिंधी भांड्यांपासून वेगळी ओळखणं कठीण जातं.

त्याच ग्रंथात सिंधमधल्या नामांकित कारागिरांची यादी आहे. कराचीचा जुमू, उस्मान कुंभाराचा मुलगा, अशी नावानिशी, बापाच्या नावासकट. मुंबईत आलेल्यांचा उल्लेख मात्र ‘सिंधमधले उत्तम कुंभार’ एवढाच. नाव येतं ते टेरींचं. मला ही गोष्ट फार खुपते.

भांडी कशी व्हायची? लाल मातीचं अंग, त्यावर पांढऱ्या मातीचं अस्तर, वर शिशाची झिलई. शिसं कमी आचेवर वितळतं आणि रंगाला खोली देतं. तांब्याने हिरवा, लोहाने मधासारखा पिवळा. नक्षीसाठी कागदावर वेल काढून रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद भांड्याला लावून वरून कोळशाची पूड झटकायची. ठिपक्यांची रेघ उमटते, मग कुंचला. मी हे करून बघितलं. सपाट कागद गोल पोटावर बसत नाही, चुण्या पडतात आणि पूड भलतीकडे जाते. त्या लोकांनी ते इतकं सफाईने कसं साधलं असेल, हे संग्रहालयातल्या कपाटाच्या काचेला नाक लावूनही कळत नाही.

1872पासून शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याची चित्रं उतरवत होते. ती भांड्यांवरही आली. इथे माझं आणि त्या काळच्या जाणकारांचं जमत नाही. भिंतीवरची आकृती सुरईच्या फुगीर अंगावर ओढली की खांदा भलत्याच जागी वळतो. सिंधी वेलीला सुरुवात नसते, शेवट नसतो. ती भांडं फिरेल तशी फिरते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी आहेत, तिथे जाऊन दोन्ही तऱ्हा बघा आणि ठरवा.

शिसं विषारी, म्हणून मी ते वापरत नाही. बिनशिशाच्या फ्रिटने, म्हणजे झिलईसाठीच्या काचेच्या भुकटीने, तांब्याचा हिरवा निळ्याकडे झुकतो आणि ती खोलीही येत नाही. विजेच्या भट्टीत कितीही चाचण्या घेतल्या तरी मधासारख्या पिवळ्यापाशी गाडी अडतेच. निर्मला पटवर्धन यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ त्यासाठी सारखं उघडावं लागतं. त्यांचा जन्मही सिंधमधल्या हैदराबादचा. त्या शिकल्या शांतिनिकेतनात आणि पुढे लीच यांच्याकडे.

चाकावरची मोठी भांडी मी धारावीच्या कुंभारवाड्यात करून घेते. इथले प्रजापती मूळचे सौराष्ट्रातले. त्यांची आधीची वस्ती गिरगावजवळच्या कुंभारवाड्यात होती. 1930च्या दशकात ती धारावीत हलली. जुन्या जागी नाव उरलंय, चाक नाही. ज्या काकांकडे मी जाते, त्यांचा हात असा की मातीचा गोळा उचलताना त्यांना वजन करावं लागत नाही. त्यांनी घडवायचं, मी अस्तर लावून वेल काढायची, असं आमचं काम.

बर्डवुडची यादी वाचल्यावर मी ठरवलं, की भांड्याच्या बुडाशी दोघांची नावं कोरायची. काकांना सांगितलं. ते चाकावरून नजर न हलवता म्हणाले, “नाव कशाला, बेन? त्यापेक्षा नगामागे दर वाढवा. गॅलरीत तुम्ही ते केवढ्याला विकता, मला माहीत आहे.”

दर वाढवला. नाव त्यांनी अजून कोरू दिलेलं नाही.