मुंबई उपनगरांतील घरबाजार

मुंबई बेटाच्या उत्तरेस साष्टी बेटावर आणि त्यापलीकडे वसई, ठाणे व कल्याण या दिशांना पसरलेल्या वस्त्यांमध्ये राहत्या घरांची जी खरेदी-विक्री चालते, तिचा इतिहास म्हणजे भाडेकरूंच्या शहराचे सदनिकाधारकांच्या महानगरात झालेल्या रूपांतराचा इतिहास होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत नोकरीधंद्यासाठी आलेला सामान्य मनुष्य घर विकत घेत नसे. तो चाळीत खोली घेई आणि दरमहा भाडे भरी. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र कर्ज काढून उपनगरात मालकीची सदनिका घेणे ही मध्यमवर्गीय संसाराची रूढ वाट झाली होती. हा बदल केवळ लोकांच्या आवडीनिवडीतून घडलेला नाही. रेल्वे, सहकारी चळवळ, भाडेनियंत्रण, जमिनीच्या वापरावरील निर्बंध आणि गृहकर्ज या पाच गोष्टींनी तो घडविला.

प्रारंभ : बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८६७ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर विरारहून मुंबईस गाडी येऊ लागली. तरीही पुढील तीस वर्षे साष्टी बेट मुख्यतः भातशेती, मिठागरे, कोळीवाडे व जुनी गावठाणे यांचेच राहिले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा दाट वस्तीचे धोके सरकारच्या ध्यानी आले आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. या मंडळाने दादर, माटुंगा व शीव येथे रस्ते आखून भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर आखीव वस्तीची ही कल्पना वांद्रे, सांताक्रूझ व विलेपार्ले या भागांतही पोहोचली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर व १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्यावर कचेरी शहरात व बिऱ्हाड उपनगरात ही विभागणी सोयीची झाली.

या काळातील उपनगरी घर दोन प्रकारचे असे : सधन कुटुंबाचा बंगला आणि एकाच मालकाची दोन-तीन मजली भाड्याची इमारत. अशा इमारतीतील स्वतंत्र न्हाणीघर व शौचालय असलेल्या बिऱ्हाडाला ‘ब्लॉक’ हा शब्द मराठीत रूढ झाला आणि चाळीतील खोलीच्या तुलनेत ते प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. घरांपाठोपाठ संस्थाही उभ्या राहिल्या. विलेपार्ले येथील पार्ले टिळक विद्यालय (१९२१) व लोकमान्य सेवा संघ (१९२३) यांवरून, उपनगर हे केवळ रात्रीच्या निवाऱ्याचे ठिकाण न राहता नागरी समाज बनत होते, हे दिसून येते.

सहकारी गृहरचना : स्वतःच्या घराची वाट सामान्य उत्पन्नाच्या लोकांसाठी प्रथम सहकाराने खुली केली. १९१२ च्या सहकारी संस्थांविषयीच्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर संस्थांनाही मान्यता मिळाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ती भारतातील या प्रकारच्या आद्य संस्थांपैकी होय. १९१८ मध्ये वांद्रे येथे साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. या संस्थांचे स्थूलमानाने दोन प्रकार होते. एकात जमीन संस्थेची व तीवरील घर सभासदाचे असे. दुसऱ्यात जमीन व इमारत दोन्ही संस्थेची असून सभासदाला राहण्याचा हक्क मिळे. दोन्ही प्रकारांत जमिनीवर रहिवाशांचीच सामूहिक मालकी राही, ही गोष्ट पुढील काळाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. आरंभीच्या अनेक संस्था मात्र एकेका ज्ञातीच्या वा धर्मपंथाच्या होत्या. त्यामुळे ओळखीपाळखीवर आधारलेला विश्वास हे त्यांचे बळ, तर इतरांना बाहेर ठेवणे ही त्यांची मर्यादा होती.

भाडेनियंत्रण व पागडी : पहिल्या महायुद्धाच्या काळात घरटंचाईमुळे भाडी वाढली आणि १९१८ मध्ये त्यांवर प्रथम कायदेशीर नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हे प्रमाण मानले. त्यानंतर बांधलेल्या घरांनाही प्रमाण भाड्याचे तत्त्व व भाडेकरूचे संरक्षण लागू होते. या कायद्याने लाखो कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर टिकविले, हे निर्विवाद आहे. परंतु किमती व मजुरी वाढत असता भाडे गोठलेलेच राहिल्याने भाड्यासाठी इमारत बांधण्यात धनिकांना स्वारस्य उरले नाही आणि जुन्या इमारतींची दुरुस्तीही रखडली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेऊ लागला व तीत घरमालकाचाही वाटा असे. ही पागडीची पद्धत होय. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी परवाना तत्त्वावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, तेव्हा रिकामे घर दुसऱ्यास देण्यापेक्षा त्यास कुलूप लावणे मालकांना सुरक्षित वाटू लागले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० मध्ये अंमलात आल्यानंतर परवान्याने घर देणे पुन्हा निर्धास्त झाले. तथापि तोपर्यंत नव्या बिऱ्हाडासाठी भाड्याचे दार जवळजवळ बंद झाले होते.

याच काळात फाळणीनंतरच्या निर्वासितांचे लोंढे आले. कल्याणजवळील लष्करी छावणीतून उल्हासनगर निर्माण झाले, तर चेंबूर, मुलुंड व शीव येथे निर्वासितांच्या वसाहती वसल्या. १९४८ च्या कायद्यान्वये आलेल्या गृहनिर्माण मंडळाने विक्रोळी, कुर्ला, चेंबूर इ. ठिकाणी वसाहती बांधल्या. १९७७ मध्ये या कार्याची धुरा महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे (म्हाडा) आली. म्हाडाच्या सदनिकांची सोडत हा पुढे मुंबईकरांच्या आशेचा विषय ठरला. मात्र मागणीच्या मानाने ही घरे नेहमीच अपुरी पडली.

मालकीची सदनिका : भाड्याने घर मिळेना व सरकारी घर पुरेना, अशा स्थितीत बांधकाम व्यावसायिक पुढे आले. जमीन मिळवावयाची, खरेदीदारांकडून हप्त्याहप्त्याने पैसे घ्यावयाचे व त्याच पैशांतून इमारत उभी करावयाची, ही ‘ओनरशिप’ची पद्धत १९५० नंतर झपाट्याने पसरली. तीत जोखीम मुख्यतः खरेदीदाराची असे. जमिनीच्या हक्कातील दोष लपविणे, मंजूर नकाशात बदल करणे, ताबा लांबविणे अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा करण्यात आला. किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतची रक्कमही लेखी व नोंदणीकृत करारापूर्वी घेता येणार नाही, जमिनीचे हक्क व नकाशे उघड केले पाहिजेत, खरेदीदारांची संस्था नोंदविण्यास साहाय्य केले पाहिजे आणि अखेर जमीन व इमारत या संस्थेच्या नावे करून दिली पाहिजे, अशी बंधने या कायद्याने घातली.

यांपैकी शेवटचे बंधन सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत दुर्लक्षित ठरले. इमारत पूर्ण झाली, संस्था नोंदली गेली, सभासदांना भागपत्रे मिळाली. पण असंख्य संस्थांच्या बाबतीत जमिनीचे हस्तांतरण झालेच नाही. भविष्यात वाढीव बांधकामाची परवानगी मिळाल्यास तिचा लाभ आपल्याकडे राहावा, हे त्यामागील एक उघड कारण होते. परिणामी सदनिकाधारक स्वतःस मालक समजत असला, तरी सरकारी दप्तरात त्याच्या पायाखालची जमीन मूळ मालकाच्याच नावे राहिली. ‘मालकी’ या शब्दाचा अर्थ सहकारी संस्थांच्या पहिल्या पिढीत जमिनीसह घर असा होता; तो आता चार भिंतींपुरता आकसला. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झाली. तीनुसार बांधकाम व्यावसायिक वा जमीनमालक टाळाटाळ करीत असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेच्या नावे करून घेता येते.

जमिनीवरील निर्बंध : बृहन्मुंबईच्या पहिल्या विकास आराखड्याबरोबर (१९६४) चटईक्षेत्र निर्देशांक लागू झाला. भूखंडाच्या क्षेत्रफळाशी बांधकामाच्या एकूण क्षेत्रफळाचे प्रमाण म्हणजे हा निर्देशांक. तो एक असल्यास हजार चौ. मी. भूखंडावर सर्व मजले मिळून हजार चौ. मी. बांधता येते. १९९१ च्या नियमावलीत तो बेटावर सर्वसाधारणतः १·३३ व उपनगरांत १ होता. त्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची कल्पना आणली. आरक्षित भूखंड महापालिकेस देणाऱ्या मालकाला मोबदला म्हणून अन्यत्र तेवढे बांधण्याचा हक्क मिळू लागला. बेटावर निर्माण झालेला हा हक्क मुख्यतः उपनगरांतच वापरावयाचा असल्याने शहरातील मोकळ्या जागेच्या मोबदल्याचा भार उपनगरांतील रस्ते, पाणी व रेल्वे यांवर पडला. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौ. मी. ठरविली. मोठ्या मालकांची जादा जमीन गरिबांच्या घरांना मिळावी, हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात बरीच जमीन दाव्यांत व सवलतींच्या प्रकरणांत अडकली. राज्यात हा कायदा २००७ मध्ये रद्द झाला.

घरांच्या किमती व कर्ज : उपनगरातील घराची किंमत प्रथम स्थानकावरून ठरते. स्थानकापासून पायी अंतर, जलद गाडीचा थांबा, रुळांच्या पूर्वेस की पश्चिमेस, पालिकेचे पाणी येते की टँकरचे, यांवर एकाच गावातील दर बदलतात. गिरगाव, परळ वा दादर येथील खोलीचा पागडीहक्क सोडून आलेल्या रकमेत बोरिवली, ठाणे किंवा डोंबिवली येथे अधिक मोठे घर घ्यावयाचे, हा अनेक मराठी कुटुंबांच्या स्थलांतराचा क्रम होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार कुटुंबांच्या बाबतीत त्यास निरुपायाची जोड मिळाली. पूर्वी घरासाठी भविष्यनिर्वाह निधी, दागिने वा गावाकडची जमीन यांचा आधार घेतला जाई. १९७७ मध्ये ह. ठा. पारेख यांनी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन केली आणि दीर्घ मुदतीचे गृहकर्ज पगारदारांच्या आवाक्यात आणले. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली व पुढे व्यापारी बँकाही या क्षेत्रात उतरल्या. कर्जामुळे घर घेणे शक्य झाले, तसेच खरेदीदाराची देण्याची ताकद वाढताच किमतीही वाढल्या. ही वाढ मात्र अखंड नव्हती : १९९० नंतरच्या तेजीपाठोपाठ दशकाच्या उत्तरार्धात भाव उतरले. २०२० च्या महासाथीत राज्याने मुद्रांक शुल्क काही महिन्यांपुरते घटविले, तेव्हा नोंदण्यांची संख्या एकदम वाढली. करातील लहान बदलही या बाजारास किती हलवितो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

विस्तार : बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. बेटावरील लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे २३ लाख व उपनगरांतील सु. ७ लाख होती. १९८१ मध्ये हे आकडे अनुक्रमे सु. ३३ लाख व ५० लाख झाले. २००१ ते २०११ या दशकात बेटाची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांपर्यंत घटली, तर उपनगरांची ९३ लाखांवर गेली. दरम्यान स्वस्त घराची सीमा मीरा रोड, नालासोपारा, विरार, बदलापूर अशी पुढे सरकत राहिली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविली. तेथे जमीन सरकारी ताब्यात असल्याने रस्ते आधी व इमारती नंतर हा क्रम बऱ्याच अंशी साधता आला. वसईत चित्र निराळे होते. तेथील वाड्या, विहिरी व शेतजमिनी वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. एकाचे परवडणारे घर म्हणजे दुसऱ्याची उजाड होणारी वाडी, हा विरोध त्यातून पुढे आला.

सद्यःस्थिती : स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायदा २०१६ मध्ये संमत झाला व २०१७ मध्ये राज्याचे ‘महारेरा’ प्राधिकरण कार्यरत झाले. प्रकल्पाची नोंदणी, खरेदीदारांच्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि प्रत्यक्ष वापराच्या चटई क्षेत्रावर विक्री करणे ही बंधने त्यामुळे आली. तथापि बाजाराच्या मूळ विसंगती कायम आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत सु. ४·८ लाख घरे रिकामी होती आणि त्याच वेळी सु. ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. १९६० ते १९८० या काळातील उपनगरी इमारती आता जीर्ण झाल्याने त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. पुनर्विकासात अधिक मोठे घर, भाडे व निधी यांच्या वाटाघाटी जमिनीच्या हक्कावरच अवलंबून असल्याने, ज्या संस्थांनी वेळीच अभिहस्तांतरण करून घेतले, त्यांची बाजू भक्कम ठरते. इतरांना आयुष्यभर हप्ते फेडलेल्या घराची मालकी नव्याने सिद्ध करावी लागते. शंभर वर्षांपूर्वी पहिल्या सहकारी संस्थांनी जमीन आधी व घर नंतर हा जो क्रम पाळला होता, त्याचे मोल या अनुभवाने अधोरेखित होते.