मुंगळा : एका जर्मन लष्करी गाडीचा पुनर्जन्म

जर्मनीत एखाद्याकडे ‘टेम्पो’ मागा, तो खिशातून कागदी हातरुमाल काढून देईल. न्यूर्नबर्गच्या एका कागद कंपनीने १९२९ साली हे नाव नोंदवले आणि पुढे ते सगळ्याच कागदी रुमालांना चिकटले. आपल्याकडे टेम्पो म्हणजे सामान वाहणारी गाडी. घर बदलायचे तर टेम्पो, गणपती आणायचा तर टेम्पो, लग्नाचे बिऱ्हाड हलवायचे तरी टेम्पोच. हा शब्द मराठीत आला तोही जर्मनीतूनच, पण न्यूर्नबर्गहून नव्हे, हांबुर्गहून. तिथल्या ‘विडाल आणि पुत्र’ या पेढीच्या गाड्यांचे नाव टेम्पो होते. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली आणि हान्झेआट नावाची ती नाकाड तीनचाकी आपल्या रस्त्यांवर धावू लागली. आधी गोरेगाव, मग १९६४ पासून आकुर्डी. पुढच्या एकाच चाकावर इंजिन बसवलेले, त्याच चाकाला साखळीने गती. जर्मनीत ही गाडी १९५६ मध्येच बंद झाली होती. आपल्याकडे ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भाजी, सिमेंट आणि माणसे वाहत राहिली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की गेली चार वर्षे माझ्या शनिवारांचा फडशा पाडणारी गाडी याच गोतावळ्यातली आहे, जरा लांबच्या नात्याची. तिचे नाव मुंगा. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी तिचे ‘मुंगळा’ असे बारसे केले आणि आता घरात सगळे तेच म्हणतात. चिकटला की सुटत नाही, हा गुणही बरोबर जुळतो.

आता नाते सांगतो. विडाल पेढीला रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांचा नाद फार जुना. १९३६ साली त्यांचे मुख्य अभियंता ओटो डाउस यांनी ‘जी १२००’ नावाची गाडी बनवली. चारही चाकांना गती द्यायची तर एका इंजिनापासून पुढच्या-मागच्या दोन्ही आसांपर्यंत दांडे न्यावे लागतात. डाउसनी हा व्यापच टाळला. पुढे एक इंजिन पुढच्या चाकांसाठी, मागे दुसरे मागच्या चाकांसाठी. दोन्ही टू-स्ट्रोक, प्रत्येकी सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे आणि १९ अश्वशक्तीचे. एक बंद पडले तर दुसऱ्यावर घरी या! इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना एकाच वेळी हुशारीची आणि आळशीपणाची वाटते, आणि दोन्ही अर्थांनी आवडते. स्वीडनसारख्या देशांनी या गाड्या विकत घेतल्या.

मग युद्ध झाले, जर्मनी हरला, दुभंगला. १९५१ साली पश्चिम जर्मनीने सीमारक्षक दल उभे केले. त्याला खडबडीत रानात चालणारी गाडी हवी होती, आणि तशी गाडी बनवणारा कारखाना देशात उरला नव्हता. १९५३ मध्ये विडालनी इंग्लंडहून लँड रोव्हरचे सांगाडे आणले आणि हांबुर्ग-हारबुर्गमध्ये त्यांवर पोलादी बॉडी चढवली. ज्यांच्याशी आठ वर्षांपूर्वी युद्ध होते त्यांच्याच गाडीवर हारबुर्गचा टेम्पो सीमेवर उभा राहिला. संख्या मोजकीच होती, पण संग्राहकांच्या जगात आज या टेम्पो लँड रोव्हरला मोठा मान आहे.

१९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे सैन्य, बुंडेसवेअर, स्थापन झाले. ही गोष्ट तेव्हा सर्वांना मान्य नव्हती. ‘मला वगळून’ अशी घोषणा देत हजारो लोक पुन्हा बंदूक हातात धरायला नकार देत होते. तथापि सैन्य झाले, आणि सैन्याला हलकी गाडी लागली. तिघे स्पर्धेत उतरले. ब्रेमेनची गोलियाट, स्टुटगार्टची पोर्शे आणि इंगोलश्टाटची आउटो युनियन. पोर्शेची गाडी देखणी होती पण महाग पडत होती. तिच्या अवघ्या ७१ गाड्या बनल्या. काम मिळाले आउटो युनियनच्या डीकेडब्ल्यू गाडीला. १९५६ ते १९६८ या काळात अशा ४६ हजारांहून अधिक गाड्या इंगोलश्टाटमधून बाहेर पडल्या. ‘मेअरत्स्वेक उनिवेर्सल गेलेंडेवागन मिट आलराडआनट्रीब’ या लांबलचक नावातली अक्षरे उचलून तिचे नाव ‘मुंगा’ झाले. आपल्या जबलपूरच्या ‘जोंगा’चे नावही असेच अक्षरे जोडून झालेले. लष्करी कारकुनांची कल्पनाशक्ती जगभर एकाच साच्यातली असावी.

आउटो युनियनची स्वतःची कथा एखाद्या विस्थापित कुटुंबाची आहे. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वाँडरर या चार कंपन्या १९३२ साली सॅक्सनीत एकत्र आल्या; ऑडीच्या नाकावरची चार कडी त्यांचीच. युद्धानंतर सॅक्सनी रशियनांच्या ताब्यात गेली आणि कारखाने हातचे गेले. काही माणसे बव्हेरियात इंगोलश्टाटला आली, सुट्या भागांचे कोठार उघडून बसली आणि १९४९ मध्ये त्यांनी कंपनी नव्याने उभी केली. फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांची मला इथे आठवण येते. गल्ल्यावर बसायला जागा मिळाली की पुढचे आपोआप सुचते.

बरोबर आणलेल्या शिदोरीत एक तीन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन होते, युद्धापूर्वी एका नव्या मोटारीसाठी आखलेले. मौज म्हणजे त्याच इंजिनाची दुसरी पाती पूर्वेकडेही राहिली. तिथे ते आधी आयएफए एफ-९ मध्ये आणि मग वार्टबुर्ग मोटारीत गेले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले. काटेरी कुंपणाच्या अलीकडे मुंगात गस्त घालणारा जवान आणि पलीकडे वार्टबुर्गमधून जाणारा अधिकारी, दोघांच्या गाड्यांचा आवाज सख्ख्या भावांसारखा होता. भिंतीने देशाचे दोन तुकडे केले, पण त्या आवाजाचे तुकडे तिला करता आले नाहीत.

त्या आवाजाबद्दल थोडे सांगायलाच हवे. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. म्हणजे तीन सिलिंडरचा टू-स्ट्रोक सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकइतक्या वेळा धडधडतो. डीकेडब्ल्यूने आपल्या मोटारींची जाहिरातच ‘३=६’ अशी केली होती. गणित बरोबर आहे, पण हिशेबात धूर धरलेला नाही. इंजिनाला निराळे तेल नाही. पेट्रोलमध्येच मिसळायचे, माझ्या गाडीत वीस लिटरला अर्धा लिटर. ज्यांचे बालपण बजाज चेतकच्या पुढ्यात उभे राहून गेले आहे, त्यांना पेट्रोल पंपावरचा तो तेलाचा मापटा आठवेल. मला तरी या गाडीच्या धुराचा पहिला वास आला तेव्हा डोळ्यांपुढे आल्प्स नव्हे, स्वारगेट उभे राहिले.

माझी गाडी १९६२ सालची. लष्कराने आपल्या मुंगा १९७० च्या दशकात मोडीत काढायला सुरुवात केली. सरकारी लिलावातून त्या शेतकऱ्यांकडे, वनखात्याकडे, अग्निशामक दलाकडे गेल्या. माझीही अशीच एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली आणि शेवटी एका गोठ्यात पंचवीस वर्षे उभी राहिली. मधल्या कुणा मालकाने टू-स्ट्रोक काढून त्यात फोर्डचे चार सिलिंडरचे इंजिन बसवले होते. असे पुष्कळांनी केले. धूर नाही, तेल मिसळणे नाही, ताकद जास्त. सुदैवाने मूळ इंजिन गोठ्यातच एका पोत्याखाली पडून होते.

इथेच खरा प्रश्न उभा राहिला, आणि आमच्या घरात त्यावर महिनाभर वाद चालला. मुलीचे म्हणणे स्पष्ट होते. फोर्डचे इंजिन राहू दे, बाबा. टू-स्ट्रोकच्या नळकांड्यातून न जळलेले पेट्रोल आणि तेल सरळ हवेत जाते. पुण्यात ज्या रिक्षांमुळे तुम्हीच खोकत होता, त्यांच्यासाठी आता इथे गळा काढता? तिचे शास्त्र पक्के आहे. पिस्टन खाली येताना जळलेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची दारे काही क्षण एकदमच उघडी असतात आणि ताज्या मालाचा काही भाग सरळ पळून जातो. आडोल्फ श्नूर्ले यांनी १९२० च्या दशकात आत येणारा झोत वळवून ही गळती पुष्कळ कमी केली, डीकेडब्ल्यूने ती पद्धत घेतली, पण ती थांबली नाही.

माझे म्हणणे असे होते की इंजिन काढले तर उरते ते फक्त हिरवे टपरे. ही गाडी ज्या इतिहासाची आहे, तो त्या तीन सिलिंडरांतच आहे. कायदाही थोडा माझ्या बाजूने होता. १९९७ पासून जर्मनीत तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी मिळते. कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रात प्रवेशाची सूट. शेवटी तह झाला. इंजिन मूळचे, पण वर्षाला पाचशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही. आकडा मुलीने वहीत लिहून ठेवला आहे.

आता कामाचे. जर्मनीत घरी गाडी दुरुस्त करणे म्हणजे निम्मे यंत्रशास्त्र आणि निम्मे शेजारशास्त्र. रविवारी हातोडा वाजवायचा नाही. तेलाचा थेंब जमिनीत मुरला तर ते पाण्याविरुद्धचे पाप, आणि दंडही तसाच. मी गॅरेजमध्ये खालून पत्र्याचे तबक पसरले आणि वाळूचा मारा, वेल्डिंग असली गोंगाटी कामे तासावर भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेली. चौकट बंद पेटीसारख्या पोलादी पट्ट्यांची आहे. बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून गंजाने खाल्लेली असते. तीन ठिकाणी कापून नवा पत्रा जोडावा लागला. त्या कामाला दोन हिवाळे गेले, आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही.

इंजिनाचे मात्र सांगण्यासारखे आहे. या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची पोकळीच पंपाचे काम करते, म्हणून तिन्ही सिलिंडरांखालच्या तीन खोल्या एकमेकींपासून हवाबंद असाव्या लागतात. क्रँकशाफ्ट एकसंध नसतो. तुकडे दाबून बसवलेला असतो, मध्ये रोलर बेअरिंगे आणि सीले. पंचवीस वर्षांत सीले वाळून लाकडासारखी झाली होती. एका खोलीची हवा दुसरीत गेली की मधला सिलिंडर उपाशी राहतो, आणि वरून कितीही कार्बुरेटर फिरवा, इंजिन काही सुधरत नाही. क्रँकशाफ्ट दाबून सुटा करणे हे घरचे काम नव्हे. असे काम करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मी ज्यांच्याकडे दिला ते सत्तरीचे आहेत आणि त्यांना वारस नाही. त्यांनी आठ महिने घेतले. मी घाई केली नाही.

इग्निशनही तिहेरी. तीन कॉइल, तीन काँटॅक्ट पॉइंट. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी स्वतंत्रपणे जुळवायची; एक नीट झाला की दुसरा रुसतो. दिवसभर संगणकापुढे बसून हजारो ओळींच्या प्रोग्रॅममधला दोष शोधणाऱ्या माणसाला यात एक निराळे समाधान आहे. इथे दोष डोळ्यांना दिसतो आणि बोटाला जाणवतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा गल्ली निळी झाली. शेजारचे ऐंशीचे आजोबा कुंपणाशी आले. मी क्षमा मागायच्या तयारीत होतो, तर त्यांनी डोळे मिटून नुसते ऐकले. १९६३ साली सक्तीच्या लष्करी सेवेत ते मुंगा चालवत होते. थोरला भाऊ सैन्याच्या विरोधात मोर्च्यात जायचा, हे नव्या सैन्याची गाडी हाकायचे. वर्षभर घरात दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. हे त्यांनी आम्हाला दहा वर्षांच्या शेजारात कधी सांगितले नव्हते. मग त्यांनीच मला मोलाची गोष्ट सांगितली. लांब उतारावर पाय एकदम काढून बसू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि इंजिन कोरडे फिरते. अधूनमधून पाय दाबून घोटभर पाजत राहा.

रस्त्यावरची चाचणी इथे मनात आले म्हणून करता येत नाही. आधी पूर्ण तपासणी, मग पाच दिवसांची तात्पुरती पाटी. १ जुलै १९६९ पूर्वी नोंदलेल्या पेट्रोल गाडीला धुराची चाचणी नसते, एवढी कायद्याने दया केली आहे. गाडीची चारही चाके कायम गती घेतात, म्हणून परीक्षकाने ब्रेक रोलरवर न तपासता रस्त्यावर घेतले. सीटवर मंदन मोजणारे यंत्र ठेवले आणि म्हणाला, ‘दाबा.’ मी दाबले. गाडी सरळ थांबली. त्याने चारही ड्रमना हात लावून उष्णता पाहिली आणि न बोलता कागदावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाच्या वाळूच्या खाणीत गेलो. जर्मनीच्या जंगलात मनमानी गाडी घालता येत नाही, तेव्हा असा खाजगी खड्डा शोधावा लागतो. चढाला खालचा गिअर, चाके वाळू फेकत हळूहळू वर. अश्वशक्ती बेताचीच आहे, पण गाडी हलकी आणि चारही चाके जमिनीला धरून. ऑडीच्या लोकांना १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये हेच दिसले होते. मुंगाची वारस ‘इल्टिस’ बर्फात त्यांच्या जास्त ताकदीच्या मोटारींना मागे टाकत होती, आणि त्यातूनच १९८० ची क्वाट्रो आली. पण आमच्या मुंगळ्याचे काही वेगळेच झाले. माथ्याजवळ मधला सिलिंडर फुरफुरला, वर पोहोचलो आणि गाडी थांबली. तिसऱ्या पॉइंटचा स्क्रू सैल झाला होता. मुलीने पान्याने तो घट्ट केला, वहीत ‘४७ किलोमीटर’ लिहिले आणि म्हणाली, उतार मी घेणार.

उतारावर तिने आजोबांनी सांगितले होते तसेच केले. दर थोड्या अंतरावर पाय दाबून एक घोट.