खांबांवरची नावं

मागच्या आठवड्यात नात कॉलेजच्या सहलीहून परत आली. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सहल कार्ल्याच्या लेण्यांची. फोटो दाखवता दाखवता म्हणाली, "आजोबा, केवढी नावं कोरलीयेत हो तिथे!"

"कुठली? जुनी की नवी?"

"दोन्ही."

आणि मला १९८४ सालची आमची आठवीची सहल आठवली.

एकवीरा आईला नमस्कार करून आम्ही चैत्यगृहात शिरलो होतो. सुमारे १२४ फूट लांब दालन, सगळं डोंगर पोखरून केलेलं. छताला लाकडी फासळ्या. मुलं माना वर करून बघतच राहिली.

मी तयारी करून गेलो होतो. लेण्यातल्या ब्राह्मी लेखांचे अर्थ वहीत उतरवून नेले होते, ते मोठ्याने वाचून दाखवले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही माणसं. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. धेनुकाकट गावचा सिंहदत्त, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. खांबाचं दान देणारे कितीतरी यवन. आणि मला सगळ्यात आवडणारा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. दाराचं काम केलं म्हणून त्याचंही नाव तिथे आहे. राजांच्या पंक्तीला सुतार!

बाहेर आलो तर एक मुलगा कर्कटकाने भिंतीवर स्वतःचं नाव कोरत होता. मी एक ठेवून दिली. तो गाल चोळत म्हणाला, "सर, त्यांनी पण कोरलीच ना? तुम्हीच तर वाचून दाखवलीत."

मुलं हसली. मी दुसरी ठेवून दिली. कारण उत्तर नव्हतं माझ्याकडे.

उत्तर नंतर सुचलं. पहिल्या मुक्कामी एसटी पोचायच्या आत सुचलं, खरं सांगायचं तर. त्या जुन्या माणसांनी "मी आलो होतो" असं लिहिलं नाही. "मी हे दिलं", "मी हे केलं" असं लिहिलं. आधी काम, मग नाव. एवढंच सांगायचं होतं. पण चारचौघांत दोन थपडा मारल्यावर वर्गात उभं राहून ते बोलायचा धीर झाला नाही. वर्ष संपलं, मुलं पुढे गेली.

आज वाटतं, माझा धडा खरा समजला होता तो त्यालाच. बाकीच्यांनी नुसता ऐकला. याला त्या नावांच्या शेजारी आपलं नाव असावंसं वाटलं. जागा चुकली, इच्छा नाही. वहीत एक खांब काढायला लावला असता आणि खाली सही करायला सांगितली असती, तर?

त्याचं नाव इथे लिहीत नाही. आता पन्नाशी ओलांडली असेल. बाबा रे, हे कधी वाचलंस तर... प्रश्न बरोबर होता तुझा. उत्तर द्यायला मला चाळीस वर्षं उशीर झाला.

असो. नातीने त्या सुताराच्या दाराचं चित्र काढलंय. खाली सही केली आहे.