मनमाडचा पाऊस कुठे मोजायचा?

सायमन्स पर्जन्यमापकाचं तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे एखाद्या मोठ्या वाटीएवढं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. १९६८च्या भारतीय मानकानुसार मैदानी भागात दर ५२० चौरस किलोमीटरला असं एक मापक हवं. मी भागाकार करून पाहिला. ही वाटी स्वतःच्या तोंडाच्या सुमारे चार हजार कोटी पट जमिनीची साक्ष देत असते.

मग अख्ख्या नदीखोऱ्याचा पाऊस कसा काढायचा? नुसती सरासरी फसवी, कारण मापकं सारख्या अंतरावर नसतात. जिथे रोज नोंद घेणारा माणूस मिळतो, तिथे ती लागतात. १९११ साली अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या आल्फ्रेड थीसेनने तोडगा सुचवला : जमिनीचा प्रत्येक तुकडा सर्वांत जवळच्या मापकाच्या नावे करायचा. शेजारच्या दोन मापकांना जोडणारी रेघ काढा, तिचा लंबदुभाजक काढा. अशा दुभाजकांनी प्रत्येक मापकाभोवती एक बहुभुज तयार होतो. त्याचं क्षेत्रफळ जेवढं, तेवढं त्या मापकाचं वजन. गणितात डिरिक्ले आणि व्होरोनॉय यांनी ही रचना आधीच अभ्यासली होती. आज चार ओळींच्या कोडमध्ये होणारं हे काम तेव्हा पट्टी-पेन्सिलीनं चाले.

पण ‘जवळचा तोच खरा’ हे गृहीतक गिरणा खोऱ्यात अडखळतं. उगमाकडे सह्याद्रीवर धो धो पाऊस, आणि मालेगाव-नांदगावकडे येईपर्यंत जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. बहुभुजाला डोंगर दिसत नाही. म्हणूनच डोंगराळ भागात समपर्जन्य रेषा बऱ्या. पण त्या काढणाऱ्याला मुलूख ठाऊक हवा.

महसूल मंडळाचं तर याहून कठीण. २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी. आकडा मंडळातल्या मापकाचा, आणि मंडळाची हद्द आखली ती महसुलासाठी. ढगाने ती पाळावी अशी अपेक्षा! शिवार वाहून गेलं आणि मापकात ६० भरले, तर शेतकऱ्यानं पंचनाम्यासाठी भांडत बसायचं.

मनमाडची गोष्ट आणखी वेगळी. गावाच्या दक्षिणेला अंकाई-टंकाईची रांग. तिच्या उत्तर उतारावरचा थेंब पांझण, गिरणा, तापी करत अरबी समुद्राला मिळतो; दक्षिणेचा गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. मनमाड उत्तरेचं, तापी खोऱ्यातलं. पण पांझणेवरचं वागदर्डी धरण स्थानिक पावसावर भागत नाही. पालखेड डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की त्यात पाणी येतं, आणि पालखेड आहे कादवेवर, म्हणजे गोदावरी खोऱ्यात. उन्हाळ्यात इथे पंधरा-पंधरा दिवसांनी नळ आलेले आहेत. थीसेनच्या हिशोबात दिंडोरीच्या मापकाला मनमाडवर शून्य वजन. मी मात्र जुलैत आधी दिंडोरीचा आकडा बघतो, मग नांदगावचा.