कोडचे कोड कोण पुरवतो?

मराठीत तीन ‘कोड’ आहेत. एक लाडाकोडातलं, हौसेनं पुरवलं जातं ते. दुसरा त्वचेवरचा, संस्कृत ‘कुष्ठ’शी नातं सांगणारा. तिसरा इंग्रजीतून आला आणि संकेतस्थळं बनवणाऱ्यांच्या तोंडी बसला. या तिघांचं व्युत्पत्तीनं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. पण तिसऱ्या कोडची आजची तब्येत समजून घ्यायची, तर पहिल्या कोडावाचून गत्यंतर नाही.

तिसऱ्याचं मूळ लॅटिन ‘कोडेक्स’, त्याचं जुनं रूप ‘कॉडेक्स’. अर्थ झाडाचं खोड, लाकडाचा ओंडका. (‘कोड’ म्हणजे ‘खोड’ हे ऐकायला गोड लागतं, पण तो निव्वळ योगायोग. असल्या ध्वनिसाम्यानं भल्याभल्या व्युत्पत्तिकारांना चकवलं आहे.) लाकडाच्या फळ्यांवर मेण पसरून त्यावर टोकदार कांडीनं लिहायचं आणि फळ्या एकत्र बांधायच्या, अशी रोमन पाटी होती. पुढे फळ्या जाऊन चर्मपत्राची पानं आली, तरी बांधलेल्या ग्रंथाचं नाव कोडेक्सच राहिलं. सम्राट जस्टिनियननं इ. स. ५२९ मध्ये कायद्यांचं संकलन काढलं, ५३४ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं, तेही कोडेक्स. नेपोलियनची १८०४ ची दिवाणी संहिता म्हणजे ‘कोड’. तारायंत्राच्या काळात सांकेतिक शब्दांच्या वह्यांना हे नाव मिळालं आणि अखेर संगणकाला दिलेल्या सूचनांना. एवढा प्रवास करूनही या शब्दाच्या पोटातला कायदा काही गेला नाही. म्हणूनच संकेतस्थळाचा कोड ‘व्हॅलिड’ आहे का, असं विचारलं की आपण चटकन ‘वैध’ म्हणतो.

‘वैध’ आला ‘विधी’वरून : जे विधीला धरून आहे ते. (‘वैधव्य’ या शब्दाची सुरुवात तशीच दिसते, पण ते ‘विधवा’वरून आलं आहे, त्याचा विधीशी संबंध नाही.) ‘व्हॅलिड’चं कूळ मात्र निराळं. लॅटिन ‘वालेरे’ म्हणजे सशक्त असणं, किंमत असणं. निरोप घेताना रोमन माणूस ‘वाले’ म्हणायचा, म्हणजे धडधाकट राहा. ‘व्हॅल्यू’ त्याच घरातली, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इंग्रजीत ‘इन्व्हॅलिड’ म्हणत, तेही त्याच घरातलं. इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द शिरला तो कायद्याच्या दारानंच, पण तिथेही अर्थ होता बजावता येईल इतकं बळ असलेला दस्तऐवज. आपल्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक याच अर्थी ‘पक्कं’ म्हणतात. पक्की पावती, पक्कं बिल. ‘पक्व’पासून निघालेला हा शब्द ‘वैध’पेक्षा ‘व्हॅलिड’च्या अधिक जवळचा आहे, असं माझं मत. व्हॅलिडेटर म्हणजे कोड नियमांशी ताडून चुका दाखवणारं साधन. ‘आमच्या साइटला व्हॅलिडेटरनं ढीगभर चुका दाखवल्या, काही बिघडतं का?’ असं विचारणाऱ्या मालकाला खरं तर कोड वैध आहे की नाही याच्याशी फारसं कर्तव्य नसतं. तो पक्का आहे का, एवढंच त्याला हवं असतं.

आता लाडाकोडाकडे. संकेतस्थळाची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधला ‘एम’ हा ‘मार्कअप’चा, आणि मार्कअप हा छापखान्यातला शब्द. हस्तलिखितावर संपादक जुळाऱ्यासाठी खुणा करायचा : हे ठळक, हे तिरपं, इथे नवा परिच्छेद. आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या खुणांची भाषा संगणकासाठी बांधायला घेतली. तीच पुढे १९८६ मध्ये एसजीएमएल या नावानं आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. नियमांच्या यादीशी ताडून दस्तऐवज ‘व्हॅलिड’ ठरवण्याची रीत वेबकडे आली ती तिथूनच. वेबचा जनक टिम बर्नर्स-लीनं सर्न या प्रयोगशाळेत एचटीएमएल घडवताना हाच वारसा उचलला.

पण खुणा वाचणारा जुळारी, म्हणजे ब्राउझर, पहिल्यापासूनच समजूतदार निघाला. टॅग, म्हणजे यातली खूण, उघडून बंद करायचा राहिला, एकात एक चुकीचे घुसले, तरी तो आपल्या अकलेनं पान जुळवून दाखवायचा. १९९३ मध्ये मोझाइक आला, पुढच्या वर्षी नेटस्केप, मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. यांच्या चढाओढीत जो ब्राउझर बिघडलेलं पानही नीट दाखवील तो गिऱ्हाइकाला आवडणार, हे उघड होतं. सगळ्यांनी मिळून कोडचे असे कोड पुरवले की लिहिणाऱ्याला आपली चूक कळेनाशीच झाली. अशा लिखाणाला ‘टॅग सूप’ असं नाव पडलं.

मग शिस्तीची लाट आली. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं जानेवारी २००० मध्ये एक्सएचटीएमएल आणलं. पान काटेकोर पद्धतीनं ब्राउझरकडे पाठवलं तर एक टॅग चुकला की ते दिसायचंच नाही, समोर नुसता चूक झाल्याचा निरोप. या वागणुकीला इंग्रजीत ‘ड्रॅकोनियन’ म्हणतात, अथेन्सचा कठोर शिक्षांसाठी बदनाम झालेला कायदेकार ड्रॅको याच्यावरून. त्या काळात ‘व्हॅलिड’ असल्याचा बिल्ला पानाच्या तळाशी मिरवायची फॅशन होती. बिल्ले आले, शिस्त काही टिकली नाही. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि त्यातून एचटीएमएल ५ उभं राहिलं. त्यांनी मोठी शहाणपणाची गोष्ट केली : चुका झाल्यावर ब्राउझरनं काय करायचं, हेही नियमांतच लिहून टाकलं. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार आणि व्यवहारानंतर प्रायश्चित्ताचा अध्याय येतो, तसा एचटीएमएलला प्रायश्चित्ताध्याय मिळाला. आता अवैध कोडलाही विधी आहे, आणि सगळे ब्राउझर तो सारखाच पाळतात. ‘वैध’ हा शब्द इथे लंगडा पडतो तो त्यामुळेच.

त्यात गंमत अशी, की जे डोळ्यांना चूक वाटतं ते पुष्कळदा चूक नसतंच. परिच्छेदाचा ‘पी’ टॅग बंद केला नाही तरी चालतं, नियमच तशी मोकळीक देतो. उलट ‘टायटल’ टॅग बंद करायला विसरून पाहा. ब्राउझर तिथून पुढचं सगळं पान शीर्षकच समजून गिळतो आणि खाली कोरी खिडकी उरते. विसरभोळेपणा तोच, निकाल अगदी दोन टोकांचे. व्हॅलिडेटरच्या लाल ओळी मोजण्यात म्हणूनच अर्थ नाही. एका राहिलेल्या टॅगपायी दहा ओळी लाल होतात. बंद करणारा टॅग जास्तीचा झाला तर व्हॅलिडेटर त्याला ‘स्ट्रे’ म्हणतो, म्हणजे भटका. महापालिका कुत्र्यांना म्हणते तसाच.

सर्च इंजिनचा बाऊ तर बहुतेक वेळा नाहक केला जातो. कोड वैध आहे म्हणून पान वर चढत नाही. पण एक खोच आहे. पानाच्या ‘हेड’ भागात कोणी जाहिरातीचा हिशेब ठेवणारं चित्र घुसवलं, तर ब्राउझरच्या लेखी हेड तिथेच संपतं. मूळ पत्ता कोणता, हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ ओळ त्याच्या खाली असेल तर ती ‘बॉडी’त जाऊन पडते आणि गूगल तिच्याकडे दुर्लक्ष करतं. दिसायला पान ठणठणीत, पावती मात्र कच्ची.

याच्या उलट उदाहरण चित्राऐवजी वाचून दाखवायच्या ‘ऑल्ट’ मजकुराचं. तो नसेल तर व्हॅलिडेटर बोंब मारतो. तिथे नुसतं ‘चित्र’ असं लिहिलं की तो गप्प. पण दृष्टिहीन वाचकाला ‘चित्र’ या शब्दातून काय कळणार? सुगम्यतेच्या जागतिक निकषांत टॅग नीट बंद असावेत, आयडी दोनदा येऊ नयेत, असं सांगणारं एक कलम होतं, ४.१.१. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. कारण ब्राउझर आता अशा चुका स्वतःच सावरून घेतात, आणि ज्यांनी वाचकाची खरोखर अडवणूक होते त्यांना इतर कलमं आहेतच. कोडचा पक्केपणा वापरणाऱ्याच्या अंगानं जोखायचा, हे ते निकष ठरवणाऱ्या समितीनं कागदोपत्री मान्य केलं.

आता मराठी संकेतस्थळाच्या मालकानं कुठे पाहावं? पहिल्या टॅगच्या ओळीत पाहावं. तयार साचा उचललेला असतो, त्यात पानाची भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली तशीच राहते. कुठे ‘हिंदी’ असते. व्हॅलिडेटर यावर फार तर पिवळा इशारा देईल, लाल शेरा देणार नाही. पण पडदावाचक सॉफ्टवेअर कोणत्या आवाजात वाचायचं, हे त्या ओळीवरून ठरवतं. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे ठेवलेले असतात, त्यांनाही ‘एमआर’ ही मराठीची दोन सांकेतिक अक्षरं तिथे दिसल्याखेरीज ते बाहेर काढता येत नाहीत, आणि अख्खं मराठी पान हिंदी वळणाच्या ‘ल’मध्ये उमटत राहतं.