जैत रे जैत (१९७७)

गो. नी. दांडेकर यांच्या याच नावाच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट. पुण्यवंताला राणीमाशी दिसते, या श्रद्धेने ठाकर समाजातला ढोल वाजवणारा नाग्या (मोहन आगाशे) झपाटलेला असतो. मात्र माशीच्या डंखाने त्याचा डोळाच जातो. मग लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उतरवण्याचा तो पण करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी (स्मिता पाटील) त्याला साथ देते. जैत, म्हणजे जीत, होते. पण चिंधी उरत नाही. राणीमाशी दैवत की कीटक, हे कोडे सुटत नाही. चित्रपटाचे खरे बळ तेच.

कथा बरीचशी गाण्यांतून उलगडते. गीते ना. धों. महानोरांची. निर्मात्या उषा मंगेशकर आणि संगीतकार हृदयनाथ, दोघेही मूळच्या आपल्या मंगेशीच्या घराण्यातले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त.